चित्तप्रसाद

चित्तप्रसाद भट्टाचार्य : (१९१५–१९७८). बंगाली चित्रकार, मुद्राचित्रकार व व्यंगचित्रकार. जन्म नैहाटीचा, शिक्षण चितगावला. कलाशाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. तरुणपणीच साम्यवादी चळवळीत आले. आडनावावरून जात कळते म्हणून ते टाकले आणि नुसते ‘चित्तप्रसाद’ म्हणून वावरले.

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात अंदाजे तीस लाख माणसे मेली. त्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडले. आदल्या वर्षीच्या चक्रीवादळाने हा भाग आधीच उद्ध्वस्त झाला होता. समोर बसलेल्या भुकेल्या माणसाचे ते शाईने रेखाटन करत आणि पुष्कळदा त्याचे नाव, गाव, हकीकत शेजारी टिपून ठेवत. त्यांचे मोठेपण माझ्या मते इथेच आहे : सरकारी कागदात जो आकडा होता, त्याला त्यांनी नाव दिले. या दौऱ्यावरची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघताच ब्रिटिश सरकारने जप्त केली आणि तिच्या प्रती जाळल्या.

मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकात त्यांची चित्रे येत. व्यंगचित्रांत परकी सत्ता आणि धान्य दडवणारे साठेबाज यांची ते गय करत नसत. ‘इप्टा’ या डाव्या नाट्यसंघटनेचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्हही त्यांचेच.

१९४६ पासून ते मुंबईत राहिले. पुढे पक्षापासून दुरावले, पण विषय सुटले नाहीत. अंधेरीतल्या घरी हलाखीत राहून त्यांनी लिनोकट केले. लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यावर जे कोरून काढावे ते कागदावर पांढरे राहते, उरलेले शाईने काळे उमटते. छापखाना लागत नाही, प्रती हव्या तितक्या निघतात. गरिबांसाठी काम करणाऱ्या चित्रकाराला याहून सोयीचे माध्यम कुठले? बूट पुसणारी, ओझी वाहणारी मुले दाखवणारी त्यांची ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ ही मालिका याच तंत्रातली. तिच्यात काळा रंग इतका दाट आहे, की मुलांचे डोळे तेवढे लख्ख दिसतात. वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी ‘खेलाघर’ हे कळसूत्री बाहुल्यांचे नाट्यही चालवले.

मृत्यू कोलकात्यात. ‘हंग्री बेंगॉल’ची एक प्रत कुटुंबीयांनी जपली होती; तिच्यावरून २०११ मध्ये पुस्तिका हुबेहूब पुन्हा छापली गेली.