शिक्षकांच्या ट्रेनिंगची सक्ती आली कुठून? थोडी पार्श्वभूमी

दर उन्हाळ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर एकच चर्चा, ट्रेनिंग कधी, कुठं, ऑनलाइन की ऑफलाइन, सर्टिफिकेट सेवापुस्तकात लागते का. नवीन लागलेल्या पोरापोरींना वाटते हे सगळं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं आणलं, वर्षाला 50 तासांचं सीपीडी म्हणजे नोकरीत राहून सतत शिकणं वगैरे. पण गोष्ट लय जुनी आहे आणि तिची एक मुळी आपल्या वर्ध्यातच आहे.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची शिक्षणपद्धत, सुरू झाली. आता पोरांना सूतकताई, शेतीतून शिकवायचं तर आधी मास्तरलाच ते काम आलं पाहिजे ना, म्हणून 1938 मध्ये वर्ध्यातच विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूल निघाली, आणि पुढं सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवींनी शिक्षक घडवायचं काम वर्षानुवर्षं केलं. शिकणारा मास्तर तिथंच राहायचा, सफाई करायचा, कातायचा आणि बाजूच्याच शाळेत शिकवून पाहायचा. माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात खरं ट्रेनिंग तेच.

नोकरीत असलेल्यांनी पुन्हा पुन्हा शिकावं हे कोठारी आयोगानं (1964-66) स्पष्ट लिहिलं, दर पाच वर्षांत दोन-तीन महिने. तेवढं कधी मिळालं नाही. 1986 च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाच्या जिल्हा संस्था आल्या, नव्वदीत केंद्रशाळा (आजूबाजूच्या दहा-बारा शाळांची मिळून एक मुख्य शाळा) आणि त्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले.

याच काळात ट्रेनिंग पगाराला जोडलं गेलं, आणि आजच्या धावपळीचं खरं कारण हे आहे. शिक्षकांसाठी 1983 मध्ये नेमलेल्या चट्टोपाध्याय आयोगाच्या वाटेनं नोकरीच्या 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी, म्हणजे वरची वेतनश्रेणी, आली, आणि त्यासाठी ट्रेनिंगची अट. अजूनही शिक्षक एकमेकांना "तुमचं चट्टोपाध्याय झालं का" असंच विचारतात. अट चुकीची नाही, पण ट्रेनिंगच निघालं नाही तर माणूस पात्र असून वर्षं वर्षं लटकून राहते, त्यात त्याचा काय दोष? 2022 ला हे ट्रेनिंग ऑनलाइन झालं तेव्हा 2000 रुपये फी पण शिक्षकानंच भरली. नोकरीची अट म्हणून जे शिकायला लावता त्याचा खर्च शासनानंच करावा, हे माझं ठाम मत आहे.

सर्व शिक्षा अभियान आलं तेव्हा नियम होता वर्षाला 20 दिवस, माणशी रोज 70 रुपयांपर्यंत खर्च. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात बसायचं, वरून खाली उतरत आलेलं ट्रेनिंग घ्यायचं, म्हणजे राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याच्यांना सांगणार, जिल्ह्याचे तालुक्याच्यांना, आणि तालुक्याचे आपल्याला. एवढ्या हातातून येईपर्यंत अर्धं गळून जाते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी पोरं, गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणारी, त्यांना पहिलीचं वाचन कसं शिकवायचं हा प्रश्न तर बहुतेक वेळा ट्रेनिंगला मिळणाऱ्या घडीपुस्तिकेत नसायचाच.

त्यामानानं केंद्रशाळेत दर महिन्याला होणारी शिक्षण परिषद मला जास्त कामाची वाटते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एका खोलीत, एक मॅडम आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून हातच्याची वजाबाकी घेतात, 52 मधून 17 काढताना गठ्ठा सोडून दाखवतात, मागून कोणी विचारते माझ्या वर्गात दोन इयत्ता एकत्र आहेत मग कसं करू, आणि उत्तर देणारी बाईपण तसाच वर्ग सांभाळणारी. 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या वेळी शिक्षक गाड्या करून साताऱ्याच्या कुमठे बीटच्या (शाळांच्या गटाच्या) शाळा पाहायला गेले तेही याचसाठी, दुसऱ्या शिक्षकाचा चालू वर्ग बघायला.

2019 ला निष्ठा हे केंद्र सरकारचं ट्रेनिंग आलं, 42 लाख शिक्षकांचं टार्गेट घेऊन, आणि कोरोनात ते दीक्षा या सरकारी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर गेलं, 18 मॉड्यूल. ज्या गावात कॉल लागायला टेकडीवर जावं लागते तिथल्या शिक्षकानं व्हिडिओ कसे पाहिले असतील बघा. तरी ऑनलाइनचा एक फायदा मी मानतो, दूरच्या शाळेवरच्या शिक्षकाला तेच साहित्य मिळाले जे पुण्याच्या शिक्षकाला मिळाले, मधात कोणी गाळलं नाही.

आता 50 तास आले आहेत. त्यात केंद्रशाळेच्या परिषदेचे तास आणि बाजूच्या शाळेत जाऊन पाहिलेले वर्ग पूर्ण धरले जावेत, आणि मेळघाट, गडचिरोलीसाठी मॉड्यूल तिथं शिकवणाऱ्या शिक्षकांकडूनच लिहून घ्यावेत.