नंबर लॉक (दाराचे, यांत्रिक)

किल्ली, वीज किंवा बॅटरी यांपैकी काहीही न लागता, केवळ ठरलेले आकडे फिरवून किंवा बटणे दाबून उघडणारे दाराचे कुलूप. बोलीत त्याला नंबर लॉक किंवा कोडचे कुलूप म्हणतात. त्याची दोन मोठी घराणी आहेत. एक तबकडीचे, जे तिजोरी आणि बँकेच्या स्ट्राँगरूमच्या दारावर असते. दुसरे बटणांचे, जे कार्यालये, दवाखाने, वसतिगृहे आणि गोदामे यांच्या रोजच्या वापरातल्या दारांवर असते. दिसायला दोघांत काहीच साम्य नाही, पण दोघांपुढचा प्रश्न एकच आहे.

साध्या कुलपाचे गुपित किल्लीच्या दात्यांत कापलेले असते. किल्ली आत गेली की सगळे गुपित एकाच वेळी कुलपापुढे येते. नंबर लॉकमध्ये ते माणसाच्या डोक्यात असते आणि आकड्या-आकड्याने आत जाते. त्यामुळे कुलपाला तीन कामे करावी लागतात: आलेला आकडा लक्षात ठेवणे, शेवटी सगळे आकडे बरोबर आहेत का हे तपासणे, आणि दार उघडल्यावर सगळे विसरणे. ही कामे पितळ, पोलाद आणि स्प्रिंग यांच्याकडून करून घ्यायची असतात. जाहिरातीत ‘दहा लाख जुळण्या’ असे मोठ्या अक्षरांत छापले जाते, पण कुलपाचा कस त्यात नाही. अर्धवट बरोबर आकडे लावणाऱ्याला कुलूप हाताला काही कळू देते की नाही, यावर त्याची किंमत ठरवावी.

प्रवासी बॅगेचे तीन चाकांचे कुलूप हे याचे घरातले उदाहरण. कडी ओढून धरली की चाके कडीच्या दांड्यावर घासतात. एकेक चाक फिरवत गेले की खाचेपाशी येताच हाताला फरक जाणवतो. जुळण्या हजार असल्या तरी एकेक आकडा वेगळा सापडतो, म्हणून हजार प्रयत्न लागतच नाहीत. इथे तपासणारा भाग लक्षात ठेवणाऱ्या भागाला सतत चिकटलेला असतो, आणि नेमका हाच दोष काढण्यासाठी दाराच्या कुलपांची रचना पुढे गेली.

पूर्वपीठिका

अथेन्सच्या केरामाइकोस दफनभूमीतील रोमन काळातल्या एका थडग्यात किल्लीच्या भोकाऐवजी तबकड्या असलेले छोट्या पेटीचे कुलूप सापडले आहे. अल्-जझरी या अभियंत्याने १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रविषयक ग्रंथात अक्षरांच्या तबकड्यांचे कुलूप वर्णिले आहे. त्याच सुमारास इस्फहानच्या मुहंमद अल्-अस्तुरलाबी याने घडवलेल्या, अशाच कुलपाच्या पेट्या आज कोपनहेगन आणि बॉस्टनच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. ही सगळी पेट्यांची कुलपे होत. दाराकडे हा प्रकार खऱ्या अर्थाने वळला तो एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बँकांमुळे. किल्लीच्या भोकातून चोर बंदुकीची दारू आत भरत आणि कुलूप उडवत. तबकडीच्या कुलपाला तसे भोकच नसते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंट यांनी १८५७ साली मालकाला स्वतः आकडा बदलता येईल असे कुलूप बनवले, तेव्हापासून हा प्रकार व्यवहारात रुजला.

तबकडीचे कुलूप

बाहेर ० ते ९९ आकड्यांची तबकडी असते. तिचा दांडा दारातून आत जातो आणि त्याच्या टोकाला एक चालक चकती घट्ट बसवलेली असते. तिच्याशेजारी एकामागे एक तीन (क्वचित चार) चकत्या असतात. त्या दांड्याशी जोडलेल्या नसतात, मोकळ्या फिरतात. प्रत्येक चकतीच्या कडेला एक चौकोनी खाच आणि अंगावर एक छोटी खुंटी असते. चालक चकती फिरत फिरत शेजारच्या चकतीच्या खुंटीला भिडते आणि तिला सोबत घेते. ती पुढच्या चकतीला घेते. आगगाडीचे डबे धक्क्याने एकामागून एक हलतात तसे हे असते. दोन चकत्यांच्या मध्ये न फिरणारी पातळ पट्टी ठेवतात, नाहीतर नुसत्या घर्षणाने शेजारीण फरपटली जाईल आणि लावलेला आकडा बिघडेल.

तबकडी आधी डावीकडे चार वेळा, मग उजवीकडे तीन वेळा, मग डावीकडे दोन वेळा का फिरवायची, हे यावरून उलगडते. चौथ्या फेऱ्यापर्यंत तिन्ही चकत्या पकडीत आलेल्या असतात. पहिल्या आकड्यावर थांबले की सर्वांत लांबची चकती जागेवर बसते. उलट फिरवले की ती तिथेच राहते आणि बाकीच्या दोन सोबत येतात. दुसऱ्या आकड्यावर मधली बसते. पुन्हा उलट फिरवून तिसरी बसवायची. या फेऱ्यांत एक जरी कमी पडला तरी एखादी चकती पकडीतच येत नाही. आकडा बरोबर असूनही तिजोरी उघडत नाही तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

आता तपासणी. चकत्यांच्या वर एक तरफ असते आणि तिच्या अंगाला आडवा अडसर. तरफेचे नाक चालक चकतीच्या कडेवर टेकलेले असते, त्यामुळे चकत्या फिरत असताना अडसर त्यांना शिवत नाही, वर अधांतरी राहतो. शेवटच्या आकड्यानंतर तबकडी उजवीकडे वळवली की चालक चकतीची खाच नाकाखाली येते आणि नाक आत उतरते. तिन्ही चकत्यांच्या खाचा एका रेषेत असतील तरच अडसर त्यांत पूर्ण बसतो, आणि तबकडी तशीच पुढे फिरवल्यावर कुलपाचा बोल्ट मागे ओढला जातो. एक जरी चकती चुकली असेल तर अडसर तिच्या कडेवर टेकून राहतो. बॅगेच्या कुलपातला सततचा स्पर्श इथे एका क्षणापुरता उरला.

पण तो एक क्षणही पुरेसा ठरतो. तिन्ही चकत्या अगदी सारख्या व्यासाच्या कधीच नसतात; अडसर सर्वांत उंच चकतीवर टेकतो. तिची खाच खाली आली की नाक किंचित जास्त खोल उतरते आणि चालक चकतीच्या खाचेच्या दोन्ही कडांना नाक लागण्याच्या तबकडीवरच्या दोन जागा एकमेकींच्या किंचित जवळ येतात. फरक तबकडीवरच्या एका घराच्या (दोन लागोपाठच्या आकड्यांमधल्या अंतराच्या) अंशाएवढा असतो. तरीही कसबी कारागीर प्रत्येक अडीच घरांनी हा फरक टिपून आलेख काढतो आणि बसक्या जागांवरून आकडे शोधतो. यावर कारखान्यांनी तोडगे काढले: चकत्यांच्या कडेला उथळ खोट्या खाचा पाडल्या, आणि भारी कुलपांत तबकडीच्या मधोमध वेगळी छोटी मूठ दिली. ती ठरावीक जागी वळवल्याशिवाय अडसर खालीच येत नाही, त्यामुळे चाचपायला काही उरत नाही. क्ष-किरणांनी खाचा दिसू नयेत म्हणून काही कुलपांत चकत्या हलक्या प्लॅस्टिकच्या असतात. यूएल या अमेरिकन सुरक्षा-चाचणी संस्थेच्या मानकानुसार पहिल्या गटातल्या कुलपाने तज्ज्ञाच्या चाचपणीला २० मनुष्य-तास तोंड दिले पाहिजे.

जुळण्यांच्या हिशेबातही एक गोम आहे. तीन चकत्या आणि शंभर घरे म्हणजे कागदावर १०,००,००० जुळण्या. पण खाच अडसरापेक्षा थोडी रुंद ठेवावीच लागते, नाहीतर रोज उघडणाऱ्याचा हात जरा चुकला की दार अडेल. आकडा दोन घरे पुढेमागे चालत असेल तर प्रत्येक चकतीच्या वेगळ्या जागा उरतात २० आणि एकूण जुळण्या ८,०००. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस येथील अणुबाँबच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तिथल्या गोपनीय कपाटांबाबत नेमके हेच ताडले होते. त्याशिवाय कपाट उघडे असताना तबकडी हळूहळू फिरवून बोल्टच्या हालचालीवरून शेवटचे दोन आकडे कळतात, हेही त्यांनी शोधले. मग पहिल्या आकड्यासाठी फार तर वीस प्रयत्न उरत. म्हणून कपाट उघडल्यावर तबकडी चार फेरे फिरवून सगळ्या चकत्या विस्कटून ठेवणे गरजेचे असते. हे कुलूप आपोआप विसरत नाही.

स्ट्राँगरूमच्या दारात हे कुलूप दार धरून ठेवत नाही. दार धरतात ते चौकटीत शिरणारे जाड पोलादी दांडे, मोठ्या चाकाने फिरणारे. कुलपाचा छोटा बोल्ट फक्त त्या दांड्यांच्या यंत्रणेला आडवा जातो. गुपित डोक्यात असल्याने धोका मात्र डोके बाळगणाऱ्या माणसाकडे सरकला. जानेवारी १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे दरोडेखोरांनी बँकेच्या रोखपालाला घरात बांधून, छळून आकडे काढून घेतले आणि तिजोरी धुऊन नेली. याला उत्तर म्हणजे घड्याळाचे कुलूप. सार्जंट यांनी ते १८७३ पासून प्रचारात आणले होते. ठरलेली वेळ होईपर्यंत बरोबर आकड्यानेही दार उघडत नाही. आपल्याकडे हाच धोका निराळ्या वाटेने हाताळला गेला. सरकारी कोषागाराच्या खोलीला दुहेरी कुलूप आणि दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, ही जुनी पद्धत. मुंबईत लालबागला १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी सुरू केलेला कारखानाही किल्लीच्या कुलपांचा होता.

बटणांचे कुलूप

दिवसातून दोनशे वेळा उघडणाऱ्या दारावर तबकडी चालत नाही. इथे आकडा तीन-चार सेकंदांत, शक्यतो एका हाताने, हातात फाइल किंवा ट्रे असताना लावता आला पाहिजे. बटणांच्या कुलपाचेही दोन प्रकार आहेत, आणि विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यातला फरक माहीत असतो.

पहिल्या प्रकारात बटणांचा क्रम मोजलाच जात नाही. प्रत्येक बटणामागे एक छोटी सरकती पट्टी असते आणि तिला एक खाच. कोडमध्ये नसलेल्या बटणांच्या पट्ट्या अशा बसवतात की बटण वर असताना खाच योग्य जागी असते. कोडमधल्या पट्ट्या उलट्या बसवतात, म्हणजे बटण दाबल्यावरच खाच जागेवर येते. मूठ फिरवली की एक सपाट फळी सगळ्या खाचांतून एकदम सरकू पाहते. नको ते एक जरी बटण दाबले गेले तरी फळी अडते. ‘सी’ अक्षराचे बटण दाबले की सगळ्या पट्ट्या मूळ जागी उडी मारतात. रचना इतकी सोपी आहे की कुलूप उघडून पट्ट्या हातावर घेतल्या तर लहान मुलालाही कळेल. पण २-४-६-८ आणि ८-६-४-२ इथे एकच. दहा बटणांतून चार निवडली तर जुळण्या फक्त २१०. पाच निवडली तर २५२, आणि त्याहून जास्त कोणत्याच संख्येने मिळत नाहीत. एटीएमच्या चार आकडी पिनला १०,००० जुळण्या असतात, त्या सवयीने या कुलपाकडे पाहू नये. वर्षभरात चार बटणे बोटांनी चकचकीत झाली की कोड दारावरच लिहून ठेवल्यासारखा होतो.

दुसऱ्या प्रकारात क्रम लक्षात राहतो. अमेरिकेतून जगभर पसरलेले सिम्प्लेक्स हे पाच बटणांचे कुलूप याचा नामांकित नमुना. यांत्रिक कुलपांत याहून देखणी कल्पना क्वचितच सापडेल. आत पाच दातेरी चाके असतात, दर बटणाला एक. बटण पहिल्यांदा दाबले की त्याचे चाक एक दाता पुढे जाते. त्यानंतर दुसरे कोणतेही बटण दाबले की आधी हललेली सगळी चाकेही आणखी एकेक दाता पुढे सरकतात. कारखान्यातून येणारा कोड घ्या: २ आणि ४ एकत्र दाबायचे, सोडायचे, मग ३. पहिल्या दाबात दुसरे आणि चौथे चाक एकेक दाता पुढे गेले. दुसऱ्या दाबात तिसरे एक दाता गेले, आणि दुसरे-चौथे आणखी एकेक. शेवटी चाकांची स्थिती ०, २, १, २, ०. आधी ३ आणि मग २ व ४ दाबले असते तर ०, १, २, १, ० झाली असती. क्रम असा दात्यांच्या संख्येत उतरतो. एक बटण एकदाच चालते, पण दोन-तीन बटणे एकत्र दाबता येतात, त्यामुळे पाच बटणांच्या एकूण १,०८१ जुळण्या होतात. एकत्र न दाबता चार वेगवेगळी बटणे वापरली तर त्यांतल्या अवघ्या १२०.

१,०८१ हा आकडाही मोठा नाही. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तर सगळे दीड तासात संपतात, आणि तीन चुकांनंतर अडून बसणे यांत्रिक कुलपाला जमत नाही. त्यामुळे हे कुलूप ये-जा आवरण्यासाठी योग्य, ऐवज राखण्यासाठी नव्हे. २०१० साली अमेरिकेत या घराण्यातल्या काही कुलपांबद्दल खटले झाले: बाहेरून ताकदवान निओडिमियम चुंबक लावला की आतला पोलादी भाग ओढला जाऊन कोडशिवाय दार उघडे. पुढे रचना बदलून हा दोष काढला गेला, पण जुनी कुलपे ज्यांच्या दारावर आहेत त्यांनी हे जाणून असावे.

मूठ आणि आतली बाजू

दाराच्या कुलपात सर्वांत जास्त मार मुठीला बसतो. कोड चुकला की माणूस मूठ जोराने पिळतो. हा जोर थेट पट्ट्यांवर आला तर त्या वाकतील. शिवाय मूठ ताणून धरून एकेक बटण चाचपले तर अडकलेले बटण बोटाला कळते, म्हणजे पुन्हा बॅगेच्या कुलपाचीच गोष्ट. म्हणून चांगल्या कुलपात मूठ आणि लॅच यांच्या मध्ये क्लच असतो. कोड बरोबर नसेल तर मूठ नुसती घसरते, जोर आत पोचत नाही. मूठ उलट किंवा पूर्ण वळली की चाके शून्यावर परततात, त्यामुळे विसरण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपवावे लागत नाही.

आतल्या बाजूची मूठ कोडच्या यंत्रणेला वगळून थेट लॅचला जोडलेली असते. आग लागली, धूर भरला, तर आतल्या माणसाला काहीही आठवावे न लागता बाहेर पडता यावे, यासाठी हे आहे आणि यात तडजोड चालत नाही.

कोड बदलणे क्रम न मोजणाऱ्या प्रकारात कष्टाचे असते: कुलूप दारावरून उतरवायचे, मागची फळी उघडायची, चिमट्याने पट्ट्या उलटवायच्या. फळी काढताना स्प्रिंगा उडून हरवतात, म्हणून खाली फडके अंथरावे. चाकांच्या प्रकारात जुना कोड दाबून, आतल्या बाजूच्या छिद्रातून सळईने बदलाचा चाप दाबायचा, मूठ डावीकडे वळवून चाके शून्यावर आणायची, नवा कोड दाबून मूठ उजवीकडे फिरवायची. काम दोन मिनिटांचे. दोन्ही वेळी दार उघडे ठेवावे आणि नवा कोड तीन-चार वेळा लावून पाहिल्यावरच ते लोटावे.