विमान १५ तारखेचं, परभणीहून निघायचं १३ ला
(अमेरिकेला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आई-वडील तिकीट हातात पडलं की विचारतात, "विमान रात्री २ ला सुटतं, सकाळी ८ ला न्यूयॉर्क. म्हणजे सहाच तास?" नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. सहात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास झाले. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही एवढा वेळ लागतोच. परतीला वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पाठीशी असतात, म्हणून साधारण तासभर कमी लागतो. दुबई-दोह्याला विमान बदलायचं असेल तर तिथला थांबा वेगळा धरा.

तासांचा हिशोब चुकला तर फार बिघडत नाही. तारीख चुकली तर सगळंच बिघडतं.

आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. रात्रीचे दोन म्हणजे आपल्या लेखी अजून आदलाच दिवस. तिकिटावर मात्र रात्री १२ ला तारीख बदलते. '१५ तारीख, ०२:००' वाचून मंडळी १४ च्या रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघतात आणि १५ च्या सकाळी मुंबईत उतरतात. तोवर विमान कधीच गेलेलं असतं. पैसे तर जातातच, शिवाय एकाच तिकिटातला जाण्याचा प्रवास चुकवला की बहुतेक कंपन्या परतीचाही रद्द करतात. मग नव्या तिकिटासाठी धावपळ, आणि तिकडे मुलगा विमानतळावर वाट बघत उभा.

बरोबर हिशोब असा: १३ च्या रात्री देवगिरी, १४ ला सकाळी मुंबई, दिवसभर पाहुण्यांकडे किंवा लॉजवर आराम, रात्री साडेदहापर्यंत विमानतळ. सामान घेणारं काउंटर विमान सुटण्याच्या निदान तासभर आधी बंद होतं. तपासणीच्या रांगा लांब असतात.

म्हणूनच आम्ही तिकिटाच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मराठीत लिहितो: 'घरातून निघायचं: १३ तारीख, रात्र.' आणि ते तुमच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. शिकल्यासवरलेल्यांना याचा राग येतो, "आम्हाला तारीख कळत नाही का?" म्हणतात. कळते हो. पण ही चूक शिकलेल्यांचीच जास्त होते, कारण ते कुणाला विचारत नाहीत. त्यामुळे वाचून घेणं आम्ही सोडणार नाही, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोनही करणार.

रेल्वेचं आरक्षण विमानाच्या तिकिटासोबतच आमच्याकडून काढलंत तर दोन्ही तारखा आम्हीच जुळवून देतो. मोबाईलवर मुलाने तिकडून तिकीट काढून पाठवलं असेल तरी दुकानात दाखवायला आणा. तारीख बघून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.