काळी बिअर, काळा सिगार आणि कडकपणाचा गैरसमज

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या बैठकींत एक समज वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे: सिगार जितका काळा तितका कडक, बिअर जितकी काळी तितकी चढणारी, म्हणून स्ट्राँग एलबरोबर (एल हा बिअरचाच एक प्रकार) काळाच सिगार हवा. हे साफ चूक आहे.

बिअरला काळेपणा येतो तो करपेपर्यंत भाजलेल्या धान्यामुळे, आणि ते थोडंसंच पुरतं. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट साधारण ४.२ टक्क्यांची, सोनेरी, फेसाळ ड्यूव्हेल मात्र ८.५ टक्क्यांची! अल्कोहोल ठरतं ते यीस्टला किती साखर मिळाली त्यावर.

सिगारचंही तेच. मादुरो या काळ्या सिगारचं वरचं पान जास्त आंबवल्यामुळे काळं पडतं, गोडसर लागतं. कडकपणा बहुतांशी आतल्या पानांचा. झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली लिगेरो पानं आत जास्त असली, की वरचं पान फिकट असूनही सिगार डोकं गरगरवतो.

बार्लीवाइनसारख्या दाट, गोड एलशी सौम्य मादुरोच जुळतो, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही जहाल घेतलं तर जिभेला काही कळतच नाही. आणि धूर छातीत ओढला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं, कॅन्सरचा धोकाही राहतोच.