टीअरड्रॉप ट्रेलर : घरच्या घरी बांधणी आणि तिचे नियोजन

मोटारीला मागे जोडून नेण्याचा, दोन माणसांना झोपता येईल एवढाच लहान निवासी ट्रेलर. बाजूने पाहिल्यास तो पुढे गोलसर आणि मागे निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. नाव त्यावरूनच पडले. आत फक्त बिछाना आणि थोडी कपाटे असतात, उभे राहण्याइतकी उंची नसते. स्वयंपाकघर मागच्या उचलत्या झाकणाखाली असते आणि तिथे बाहेर उभे राहूनच काम करायचे असते. बाहेरची वीज आणि नळ नसतानाही तीन-चार दिवस राहता यावे अशी सोय केली, की त्याला ऑफ-ग्रिड ट्रेलर म्हणतात.

हा प्रकार अमेरिकेत १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात रुजला. हौशी लोकांसाठीच्या मासिकांत त्याचे आराखडे छापून येत आणि लोक घराच्या अंगणात किंवा गॅरेजात ते बांधत. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाच्या सप्टेंबर १९४७च्या अंकातला आराखडा विशेष गाजला. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक साठ्यातले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि जीपची चाके स्वस्तात मिळू लागल्याने या बांधणीला जोर आला. पुढे महामार्ग रुंदावले, मोटारींची ताकद वाढली, मोठे ट्रेलर आले आणि १९६०च्या दशकापर्यंत टीअरड्रॉप मागे पडला. १९९०च्या दशकापासून तो पुन्हा बांधला जाऊ लागला, तोही मुख्यतः हौशी लोकांच्याच हातून.

आराखड्याची सुरुवात प्लायवूडच्या शीटपासून होते. शीट आठ बाय चार फुटांची, म्हणून जुन्या ट्रेलरची लांबी आठ फूट आणि रुंदी व उंची चार-चार फूट. बाजूची अख्खी भिंत एका शीटमधून निघते, जमिनीलाही एकच शीट पुरते. रुंदी पाच फूट केली तर अमेरिकेत सर्रास मिळणारी ६० इंची क्वीन गादी जेमतेम बसते, पण जमिनीला जोड द्यावा लागतो आणि बराच प्लाय वाया जातो. चार फुटांत दोघांना खरोखर झोप लागेल का, हे कागदावर कळत नाही. घरात गादीभोवती खोक्यांच्या भिंती उभ्या करून एक रात्र झोपून पाहावे. सगळ्या नियोजनात याहून स्वस्त आणि याहून खरी परीक्षा नाही.

बाजूचा बाक, म्हणजे वळणाची रेघ, पूर्ण मापात काढतात. शीटवर ठरावीक बिंदूंवर खिळे ठोकायचे आणि त्यांना टेकवून पातळ लाकडी पट्टी वाकवायची. पट्टी आपोआप सलग वळण घेते; एखादा खिळा चुकला असेल तर तिथे आलेला पोक लगेच डोळ्यांत भरतो. मग पेन्सिलीने रेघ मारून दोन्ही बाजू एकावर एक ठेवून एकदमच कापायच्या, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत जुळते. बाक फार तीव्र असला तर छताचा प्लाय वाकताना तडकतो. मागच्या झाकणाच्या बिजागरीची जागाही याच वेळी ठरवावी लागते, कारण पाणी बहुधा तिथूनच आत शिरते.

वजनाचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत जावा. १२ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायची एक शीट सुमारे २४ किलो भरते. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. तयार ट्रेलर साधारण ४०० ते ७०० किलोंपर्यंत जातो. वजन हलके ठेवण्यासाठी काही जण फोमच्या जाड पाट्या जोडून त्यांवर लाकूड जोडायच्या, पाणी घालून पातळ केलेल्या डिंकाने कॅनव्हास चिकटवतात आणि वरून रंग देतात. अशा ट्रेलरला हौशी मंडळी ‘फोमी’ म्हणतात.

एकूण वजनाइतकीच महत्त्वाची त्याची वाटणी. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलली जाते; ट्रेलरचेही तसेच. पुढच्या दांड्याचा मोटारीच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडावर) पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, म्हणजे ५०० किलोंच्या ट्रेलरला ५० ते ७५ किलो. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि मोटारीलाही ओढतो. त्यामुळे चाकांचा आस मध्यापेक्षा थोडा मागे बसवतात. स्वयंपाकघर, पाणी आणि बॅटरी सगळेच मागे ठेवण्याचा मोह फार होतो. निदान बॅटरी तरी पुढे, दांड्याजवळच्या पेटीत न्यावी. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून, सामान भरलेल्या स्थितीत हा भार मोजता येतो.

विजेचा हिशेब वॉट-तासांत करतात. ४५ वॉटचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज दिवसाचा चाळीस टक्के वेळ चालला तर सुमारे ४३० वॉट-तास खातो. दिवे, पंखा आणि फोन मिळून आणखी दीडशे. १२.८ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात, म्हणजे ऊन नसतानाही दोन दिवस निघतात. २०० वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या पाच तासांत, तूट धरून, सातशेच्या आसपास परत देते. मात्र सावलीत उभ्या केलेल्या ट्रेलरच्या छतावरचे पॅनेल फारसे कामाचे नसते, म्हणून लांब वायरीचे सुटे पॅनेल बरे. फ्रिज वगळून बर्फाची पेटी घेतली तर हे सारे चौथ्या हिश्श्यावर येते. १२ व्होल्टला प्रवाह जास्त वाहतो, १०० वॉटला आठ ॲम्पिअरहून अधिक. त्यामुळे वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच हवा.

स्वयंपाक बाहेर करण्यामागे जागेची अडचण आहेच, पण त्यात जीवरक्षणही आहे. एवढ्याशा बंद जागेत शेगडी किंवा कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच मृत्यू येऊ शकतो. या वायूला वास नसतो. थंडीच्या रात्री गरम राहावे म्हणूनही शेगडी आत घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवावेच. एक झरोका खाली आणि एक छतात ठेवल्यास हवा खेळती राहते, आणि दोघांच्या श्वासाचे पाणी गादीखाली साचत नाही. दोन्ही बाजूंना दारे असावीत, म्हणजे एक अडले तरी बाहेर पडता येते.

रस्त्यावर नेण्याचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत घरी बांधलेल्या ट्रेलरची तपासणी होऊन त्याला ओळख क्रमांक मिळतो. ब्रिटनमध्ये स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोंच्या किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या निम्म्या वजनाच्या, यांपैकी जे कमी त्याच्या आत ठेवावे लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, पण त्याचा भर कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली वाहने, आणि सोयींनी युक्त कॅराव्हॅन पार्क यांवर आहे. म्हणून इथे बांधणी करू पाहणाऱ्याने लोखंडाची चौकट वेल्डिंगला देण्याआधी आराखडा घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.