ओढ्याकाठी झाडं आहेत, मग नायट्रेट कुठून येतं?

ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट हा नत्राचा (नायट्रोजनचा) विरघळणारा प्रकार वाढला की काठावर झाडं लावायचा उपाय सुचतो. शहरात मात्र झाडं असूनही नायट्रेट पाण्यात उतरतं. कारण भूजलाच्या पातळीत आहे.

अमेरिकेत बाल्टिमोरजवळ पाँड ब्रँच हा ओढा पूर्णपणे जंगलातून वाहतो. त्याच्या काठची माती ओली असते. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू टिकत नाही. मग काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातलं नत्र वायुरूपात हवेत जातं. हे विनायट्रीभवन. त्यासाठी नायट्रेट, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पानामुळांतला कार्बन) आणि प्राणवायूचा अभाव एकाच जागी हवेत. कर्ब मुख्यतः वरच्या, मुळांच्या थरात असतो, म्हणून भूजल तिथवर चढायला हवं.

बाल्टिमोर शहरातून जाणाऱ्या ग्विन्स फॉल्स या ओढ्याच्या खोऱ्यात छपरांवरचं, रस्त्यांवरचं पाणी पावसाळी गटारांतून थेट ओढ्यात पडतं. लोंढा तळ खरवडतो, पात्र खोल जातं, पाठोपाठ काठचं भूजलही उतरतं. वरच्या मातीत हवा शिरते आणि काम उलटं होतं: जिवाणू अमोनियम या नत्राच्या दुसऱ्या रूपाचं नायट्रेट बनवतात. नायट्रेटवर ऋण विद्युतभार, मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋणच. म्हणून ते धरून राहत नाही, पाण्याबरोबर निसटतं.

परिसंस्थांचे अभ्यासक पीटर ग्रॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच दाखवलं. शहरी काठांची माती मीटरभर खोलीपर्यंत हवेशीर होती, नायट्रेटही जंगलापेक्षा जास्त. विनायट्रीभवनाच्या क्षमतेत मात्र सातत्याने दिसणारा फरक नव्हता.

ही क्षमता मोजताना सुमारे ५ ग्रॅम ओली माती बाटलीत घेऊन नायट्रेट, ग्लुकोज आणि नवी विकरं (एन्झाइम) बनू न देणारं क्लोरँफेनिकॉल हे प्रतिजैविक घालतात. आतला प्राणवायू काढून ॲसिटिलीन वायू सोडतात, म्हणजे प्रक्रिया नायट्रोजनपर्यंत न जाता आधीच्या टप्प्यावर, नायट्रस ऑक्साइड वायूवर थांबते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असताना त्यातली किंचित भर मोजणं फार कठीण. नायट्रस ऑक्साइड सहज मोजता येतो. ३० आणि ९० मिनिटांनी वायूचे नमुने घेतात. पण बाटलीत जिवाणूंना सगळं आयतं मिळतं. काठावर तेवढा वेग असेलच असं या आकड्यावरून म्हणता येत नाही.

क्षमता असली तरी ओली माती हवी, त्यामुळे दुरुस्ती पाण्यापासून सुरू करावी लागते. बाल्टिमोर परगण्यातल्याच माइनबँक रन या ओढ्याच्या पुनरुज्जीवित भागात, जिथे काठ बुटके आणि ओढ्याशी जोडलेले होते, तिथे विनायट्रीभवन अधिक वेगाने होताना आढळलं. ओढ्यात अडकलेला पालापाचोळा आणि फांद्यांचे ढीगही विनायट्रीभवनाला उपयोगी पडतात, तेव्हा सफाईत ते सरसकट उपसू नयेत. सांडपाण्याची वाहिनी गळत असेल तर ती आधी दुरुस्त करावी. थेट प्रवाहात मिसळणारं नत्र काठच्या मातीला शिवतच नाही.