आधी यजमानपद, मग टाळं: रॉबर्ट मॉरिसच्या हॉकीची पार्श्वभूमी

अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या मून टाउनशिपमधलं रॉबर्ट मॉरिस हे छोटं खासगी विद्यापीठ. मार्च २०२१ मध्ये त्याच्या मुलींच्या बर्फावरच्या हॉकी संघाने कॉन्फरन्सचा, म्हणजे आपापसात नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, करंडक जिंकून राष्ट्रीय स्पर्धा गाठली. एप्रिलमध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे शेवटचे सामने पिट्सबर्गला झाले, त्याच्या यजमानांत हे विद्यापीठ होतं. आणि २६ मे रोजी विद्यापीठाने बर्फावरच्या हॉकीचे दोन्ही संघ, मुलांचा आणि मुलींचा, तडकाफडकी बंद केले. ५५ खेळाडू आणि ७ कर्मचारी एका फटक्यात मोकळे झाले. (आपल्या ओळखीची, मैदानावरची हॉकी तिथे आधीच गेली होती. २०१३ मध्ये सात खेळांवर कुऱ्हाड पडली, त्यात मुलींची ती हॉकीही होती.)

दोन्ही संघ एकदम का? १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे खेळाच्या संधींत मुलामुलींचं प्रमाण सांभाळावं लागतं. फक्त मुलींचा संघ बंद केला की खटला दारात उभा राहतो, म्हणून जोडीने बंद करणं वकिलांना सोपं वाटतं.

छोटी विद्यापीठं या महागड्या खेळात उतरतात ती विद्यार्थी मिळवण्यासाठी. तेव्हाच्या नियमांत वरच्या श्रेणीतल्या संघाला जास्तीत जास्त १८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या तुकडे करून वाटता येत. संघात खेळाडू पंचवीसच्या पुढे. म्हणजे बरेच जण फीचा काही भाग स्वतः भरतात. रॉबर्ट मॉरिसने नेव्हिल बेटावरचं क्रीडा संकुल घेतलं, २००४ ला मुलांचा आणि २००५ ला मुलींचा संघ सुरू केला, तो याच हिशेबावर.

खर्चाची बाजू मात्र जड. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. बर्फ जेमतेम इंच-सव्वा इंच जाड. खालच्या काँक्रीटमधल्या नळ्यांतून थंड केलेलं मिठाचं किंवा ग्लायकॉलचं पाणी सतत फिरवावं लागतं. खेळाच्या प्रत्येक सत्रानंतर यंत्र वरचा खरवडलेला थर तासतं आणि गरम पाणी पसरतं. गरम अशासाठी की ते चरे वितळवतं आणि खालच्या बर्फाशी एकजीव होतं. पण संघ बंद केला म्हणून बर्फ थोडाच बंद होतो? स्थानिक मुलांचे संघ, स्केटिंगचे वर्ग त्याच बर्फावर चालतात, विजेचं बिल येतच राहतं. वाचतात ते पगार, प्रवास, साहित्य आणि शिष्यवृत्त्या; त्याच वेळी खेळाडूंनी भरलेली फीही जाते. ही दुसरी बाजू मांडली नाही, तर बचतीचा आकडा फुगलेलाच दिसणार.

मे महिन्याचा शेवट ही खेळाडूंसाठी सर्वांत वाईट वेळ. तोवर इतर संघांच्या जागा भरलेल्या असतात. त्यात कोविडमुळे सगळ्यांना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं होतं, त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुलंही जागा सोडत नव्हती.

समर्थकांनी निधी उभा केला, डिसेंबर २०२१ मध्ये संघ परत आणायचं ठरलं आणि २०२३-२४ च्या हंगामात दोन्ही संघ पुन्हा बर्फावर उतरले. पण निव्वळ निधीने हे झालं असं मानणं चूक ठरेल. खरी गोष्ट कॉन्फरन्सची आहे, आणि ती २०१० पासून सुरू होते. त्या वर्षी ‘कॉलेज हॉकी अमेरिका’ या कॉन्फरन्सचा पुरुष विभाग मोडला. रॉबर्ट मॉरिस आणि नायगारा ही विद्यापीठं ‘अटलांटिक हॉकी’ या कॉन्फरन्समध्ये गेली, बेमिजी विद्यापीठाला ‘डब्ल्यूसीएचए’ या दुसऱ्या कॉन्फरन्सने घेतलं. अलाबामातल्या हंट्सव्हिल विद्यापीठाला मात्र कुणीच घेतलं नाही. दुसऱ्या श्रेणीत १९९६ आणि १९९८ चं विजेतेपद मिळवलेला हा संघ, पण दक्षिणेत इतका दूर की तिथवरचा प्रवास कुणालाच परवडेना. तीन हंगाम एकट्याने काढल्यावर ‘डब्ल्यूसीएचए’ने दार उघडलं, आणि २०१९ मध्ये त्यातल्याच सात विद्यापीठांनी बाहेर पडून वेगळी चूल मांडायचं जाहीर केलं. मे २०२० मध्ये हंट्सव्हिलने संघ बंद केला, देणगीदारांनी काही दिवसांत लाखो डॉलर जमवून तो वाचवला, आणि वर्षभरात तो पुन्हा थांबला. या वेळी अडलं ते कॉन्फरन्सपाशी.

कॉन्फरन्स नाही म्हणजे वेळापत्रक नाही. घरच्या सामन्यांसाठी एकेका संघाची मनधरणी करायची, आणि कॉन्फरन्स जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत थेट जायची वाटही बंद. अलास्कातलं अँकरेज विद्यापीठ २०२२-२३ ला कॉन्फरन्सविना परतलं खरं. पण तिथल्या समर्थकांना आधी ३० लाख डॉलर उभे करावे लागले, आणि अलास्कात जाऊन खेळलेले सामने पाहुण्या संघाच्या हंगामातल्या सामन्यांच्या ठरलेल्या कमाल संख्येत धरले जात नाहीत, त्यामुळे पाहुणे येतात. हंट्सव्हिलकडे असं आमिष नव्हतं.

रॉबर्ट मॉरिसच्या मुलींचं गणित तर उलटंच होतं: गरज कॉन्फरन्सलाच होती. त्यांच्या कॉन्फरन्समध्ये सहा संघ. त्या गेल्या आणि पाच उरले. राष्ट्रीय स्पर्धेतला थेट प्रवेश टिकवायला सहा लागतात, कमी पडल्यास दोन वर्षांची मुदत मिळते. २०२१-२२ आणि २०२२-२३ अशी ती दोन वर्षं सरली, आणि पुढच्याच हंगामात सहावा संघ म्हणून रॉबर्ट मॉरिसच्या मुली परत हजर होत्या.